गाळलेल्या जागा आणि न वाचलेली पाने

‘गाळलेल्या जागा भरा’ या प्रश्नाची आणि आपली ओळख दुसरी-तिसरीपासूनची आहे. प्रश्नपत्रिकेतील हा सर्वांत गरीब प्रश्न! पृथ्वी कोणाभोवती फिरते आणि महाराष्ट्राची राजधानी कोणती, एवढे ठाऊक असले की दोन गुण पदरात पडत. पण पदवीनंतर परदेशी विद्यापीठात शिकायला जाण्याची इच्छा धरणाऱ्याला हाच प्रश्न पुन्हा भेटतो, आणि या वेळी तो मुळीच गरीब राहिलेला नसतो. समोर इंग्रजी उतारा असतो, त्यातील कित्येक शब्दांचा उत्तरार्ध कापलेला असतो, आणि उरलेल्या दोन-चार अक्षरांवरून पूर्ण शब्द ओळखायचा असतो. वर घड्याळ धावतच असते. ड्युओलिंगोच्या इंग्रजी परीक्षेत हा प्रकार अनेक वर्षे आहे. टोफेल ही १९६४ साली सुरू झालेली जुनी परीक्षा. तिच्या जानेवारी २०२६ पासूनच्या नव्या रचनेतही तो आला आहे. म्हणजे यापुढे त्याला टाळून जाणे कठीणच.

या प्रश्नाची तयारी आपले विद्यार्थी कशी करतात? ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ शब्दांच्या याद्या मिळवतात, त्या भिंतीवर चिकटवतात आणि सकाळ-संध्याकाळ घोकतात. तयार सरावसंच शेकड्यांनी सोडवतात आणि त्यांची उत्तरेही पाठ करतात. खाजगी वर्गवाले यासाठी हजारो रुपये घेतात. ही सारी तयारी चुकीच्या दिशेने चालली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हा प्रश्न वरवर शब्दसंग्रहाचा दिसतो, परंतु वस्तुतः तो वाचनाचा प्रश्न आहे.

त्याचा पूर्वेतिहास पाहिला तर हे लक्षात येईल. १९५३ साली विल्सन टेलर या अमेरिकन संशोधकाने उताऱ्यातील ठराविक अंतरावरचे शब्द गाळून ते वाचकाकडून भरून घेण्याची पद्धत मांडली. तिला त्याने ‘क्लोझ’ हे नाव दिले. अर्धवट काढलेले वर्तुळसुद्धा आपले मन पूर्णच पाहते, हे मानसशास्त्रातील तत्त्व त्यामागे होते. गंमत अशी, की टेलरला वाचकाची परीक्षा घ्यायची नव्हती. मजकूर किती सुबोध आहे, हे त्याला मोजायचे होते. पुढे ही पद्धत भाषेच्या परीक्षेत शिरली. १९८१ साली जर्मनीत क्लाइन-ब्रेली आणि रात्झ या दोघांनी तिच्यात बदल केला आणि संपूर्ण शब्दाऐवजी दर दुसऱ्या शब्दाचा निम्मा भाग कापला. हीच ‘सी-टेस्ट’. पहिले वाक्य मात्र अखंड ठेवायचे, म्हणजे विषय कशाचा आहे हे वाचणाऱ्याला कळते. ज्याची ती मातृभाषा आहे अशा सुशिक्षित माणसाला जवळजवळ सर्व जागा भरता आल्या पाहिजेत, ही त्यांची कसोटी होती. याचा अर्थ उघड आहे. कोशाच्या कोपऱ्यात दडलेले दुर्मिळ शब्द काढून उमेदवाराला अडवावे, असा त्यांचा हेतूच नव्हता.

आता एक उदाहरण घेऊ. ‘डी-ई-सी-आय’ ही चार अक्षरे दिली आहेत आणि पुढे चार घरे रिकामी आहेत. यादी पाठ केलेला विद्यार्थी आनंदाने ‘डिसिजन’ लिहील. पण ‘डिसाइसिव्ह’, ‘डिसाइडिंग’ आणि ‘डिसायफर’ हेही आठच अक्षरांचे शब्द आहेत आणि त्यांची पहिली चार अक्षरे हीच आहेत! मग खरा कोणता? मागे ‘दे वेअर’ असेल तर ‘डिसाइडिंग’. पुढे ‘व्हिक्टरी’ असेल तर ‘डिसाइसिव्ह’. जुन्या शिलालेखाची गोष्ट चालली असून मागे ‘टू’ असेल तर ‘डिसायफर’. चारही शब्द तोंडपाठ असून काही उपयोग नाही. कोणता बसतो हे शेजारचे शब्द सांगतात, आणि शेजाऱ्यांचे ऐकण्याची सवय याद्यांमधून लागत नाही.

आणि मोठ्या शब्दांचे एवढे कौतुक तरी कशाला? दर दुसरा शब्द कापायचा म्हटल्यावर कात्री बहुतेक वेळा लहानसहान शब्दांवरच पडते. ‘आय’ हे अक्षर आणि पुढे एक रिकामे घर: इन, इज, इट की इफ? ‘टी’ आणि पुढे दोन घरे: द, टू, टेन की ट्राय? या शब्दांचा अर्थ पाचवीतल्या मुलालाही येतो, तरी पदवीधर येथेच घसरतात.

त्याचे कारण आपल्या मायबोलीच्या घडणीत आहे. ‘सूर्य उगवला’ म्हटले की मराठीत काम झाले. इंग्रजीत सूर्यापुढे ‘द’ लागतो. ‘पुण्याला जातो’ आणि ‘पुण्याला राहतो’ यांत आपला ‘ला’ एकच. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘टू’ येतो आणि दुसऱ्या ठिकाणी ‘इन’. आपली देवनागरी बहुतांशी उच्चाराबरहुकूम चालते. इंग्रजीत मात्र ‘कमिटी’ या एवढ्याशा शब्दात एम दोन, टी दोन आणि ई दोन! मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या खऱ्या अडचणी या आहेत. अवघड शब्दांच्या कुठल्याही यादीत त्यांवर उपाय सापडणार नाही.

पण याच मायबोलीने आपल्याला एक बळही दिले आहे. फाटलेल्या वर्तमानपत्रात ‘यंदा पाऊस वेळेवर आ...’ एवढेच वाचता आले, तरी तेथे ‘आला’ किंवा ‘आलाच नाही’ असणार हे आपण सहज ओळखतो. ‘आली’ असे आपल्या मनातही येत नाही. ‘विहिरीचे पा... आटले’ यात ‘पाणी’ सोडून दुसरे काही सुचत नाही. कोणत्या वर्गात शिकलो हे? लहानपणापासून लाखो वाक्ये ऐकली आणि वाचली, त्यांतून ही जाण अंगी मुरली. सी-टेस्ट इंग्रजीत नेमकी हीच जाण तपासते. आपल्यापाशी ती शक्ती नाही असे नाही. इंग्रजीत तिला पुरेसे खाद्य मिळालेले नाही, एवढेच.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे आज महाविद्यालयात असलेल्या पिढीने बारा-पंधरा वर्षे इंग्रजीचा अभ्यास केलेला आहे. पण त्या काळात पाठ्यपुस्तकाबाहेरची इंग्रजी पाने आपण किती वाचली? बहुतेकांनी पाठ्यपुस्तकही न उघडता मार्गदर्शकावरच काम भागवले. मग परीक्षेच्या दिवशी शेजारचे शब्द आपल्याशी बोलत नाहीत, याचे आश्चर्य ते काय? आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार?

कोणी म्हणेल, “उपदेश ठीक आहे, पण परीक्षा दोन महिन्यांवर आली, आता जन्मभराचे वाचन कुठून आणू?” प्रश्न रास्त आहे. त्यावर माझ्या मते एक साधा, बिनपैशाचा उपाय आहे. ग्रंथालयातील इंग्रजी वर्तमानपत्रातून किंवा आपल्याच इतिहास-अर्थशास्त्राच्या संदर्भग्रंथातून सात-आठ ओळींचा परिच्छेद निवडा. पहिले वाक्य तसेच ठेवून पुढील दर दुसऱ्या शब्दाचा निम्मा भाग गाळून तो वहीत उतरवा. अक्षरे विषम असतील तर गाळलेला भाग मोठा ठेवा. वही मित्राला द्या आणि त्याची आपण घ्या. भरताना आधी सबंध उतारा नजरेखालून घाला, मग सोपे शब्द भरा. ते भरले की अवघडांना आधार मिळतो. शेवटी एकदा सलग वाचून क्रियापदाचा काळ आणि नामाचे वचन जुळते का, ते पाहा.

मात्र खरा अभ्यास त्यानंतर सुरू होतो. चुकलेल्या प्रत्येक जागेपुढे कारण लिहावे: स्पेलिंग चुकले, व्याकरण चुकले, की अर्थच कळला नाही? महिनाभरात वहीच सांगेल की आपले दुखणे कोणते आहे. ज्याचे व्याकरण चुकते त्याने शब्दार्थ घोकणे म्हणजे पोट दुखत असताना कपाळाला लेप लावण्यासारखे आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांनी इंग्रजी शिकली. तीत नुसते एकटेदुकटे शब्द नसत. शब्द वाक्यात बसवून दाखवलेला असे. जुनी म्हणून ती रीत टाकाऊ ठरत नाही.

या परीक्षेची तरफदारी करण्याचा माझा हेतू नाही. शितावरून भाताची परीक्षा करायची, तर शीतही नीट निवडावे लागते. अर्धे शब्द भराभर पुरे करणारा विद्यार्थी चर्चेत मुद्दा मांडू शकेल की नाही, हे या एका प्रश्नावरून समजत नाही. घरी संगणक नसलेल्या मुलाचा हात कळफलकावर अडखळतो, आणि त्याचा दोष त्याच्या इंग्रजीच्या माथी बसतो. म्हणून अशा गुणांवरून कोणी स्वतःला कमी लेखू नये आणि दुसऱ्यानेही त्याला लेखू नये. संस्थांनीही या गुणांचा उपयोग तारतम्याने करावा. मात्र खेळाचे नियम आपल्या हाती नसले, तरी तयारी कशी करायची हे आपल्याच हाती आहे.

आपल्या महाविद्यालयाने यात पुढाकार घ्यावा, अशी माझी सूचना आहे. इंग्रजी विभागाने आठवड्यातून एक तास वाचनकक्षात असे उतारे सोडवून घ्यावेत आणि चुकांची उघड चर्चा घडवावी. यासाठी वेगळा निधी नको, जाहिरात नको; खडू, फळा आणि कालचे वर्तमानपत्र पुरेसे आहे. ज्या मुलाला वर्गाची फी परवडत नाही, त्यालाही मग परदेशाच्या दारापर्यंत इतरांच्या बरोबरीने जाता येईल. परीक्षेतील जागा तीन-चार अक्षरांच्या असतात, आणि त्या भरणारी पाने ग्रंथालयात कधीची उघडण्याची वाट पाहत आहेत.