मुरुडकरांनो, म्हातारी माणसं आहेत तोवर लिहून घ्या

मुरुडच्या सर्व गावकऱ्यांना, आणि लातूर, पुणे, मुंबईला स्थायिक झालेल्या मुरुडच्या लेकीबाळींना कळकळीची विनंती.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली पोरं आज नव्वदीच्या घरात आहेत. दर वर्षी त्यातली काही जातात आणि सोबत गावाचा एकेक कप्पा कायमचा बंद होतो. मुरुड म्हटलं की बाहेरच्यांना जंजिरा आठवतो, नाहीतर महर्षी कर्व्यांचं कोकणातलं गाव. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या या मुरुडाची हकीकत आपणच लिहायची आहे, आणि ती आताच लिहायला हवी.

घरातल्या आजी-आजोबांजवळ मोबाइल ठेवा आणि त्यांना बोलतं करा. "मुक्तिसंग्रामाबद्दल सांगा" म्हटलं तर ते भाषणातली दोन वाक्यं सांगून गप्प बसतील. त्यापेक्षा विचारा: रझाकारांच्या धामधुमीत घर सोडावं लागलं का? रात्री निघालात की दिवसा? दाणे कुठं पुरून ठेवले? बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर होती आणि या भागातली कितीतरी कुटुंबं जीव मुठीत धरून सरहद्दीपलीकडे गेली. पोलीस ॲक्शननंतर मुसलमान घरांवर काय गुदरलं तेही विचारा, त्यांच्याच घरी जाऊन. तेव्हाचा आपला उस्मानाबाद जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी एक होता, हे त्या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने नोंदवलं आहे. अर्धीच बाजू लिहिली तर तो गावाचा इतिहास होणार नाही.

बार्शी लाइटच्या आठवणीही टिपा. १९११ साली ही अडीच फुटी रुळांची गाडी मुरुडवरून लातूरला पोचली आणि आपल्या भागाचा माल बाहेर जाऊ लागला. रुंद रूळ आले ते २००७-०८ च्या सुमाराला. छोट्या गाडीचं जुनं तिकीट, रेल्वेत नोकरीला असलेल्या वडिलांचं ओळखपत्र, स्टेशनवरचा एखादा फोटो कुणाच्या ट्रंकेत असेल तर त्याचा स्पष्ट फोटो काढा. मूळ वस्तू घरातच राहू द्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरसाठी निघालेली पाण्याची रेल्वेही याच मार्गाने गेली. तो इतिहास तर अजून आपल्या मोबाइलमध्येच पडून आहे.

कागदांबद्दल जास्त घाई आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा सगळ्या मराठवाड्याने दप्तरं उपसली आणि मोडी व उर्दू वाचणारे किती थोडे उरलेत हे कळून चुकलं. जुना वाडा पाडताना सागवानी चौकटीला गिऱ्हाईक मिळतं, माळवदाखालचं बासन मात्र रद्दीत जातं. वाचता येत नाही म्हणून एकही कागद टाकू नका.

आणि देवळाच्या आवारातल्या, पारावरच्या, बांधावरच्या जुन्या दगडांना ऑइल पेंट लावू नका, ही हात जोडून विनंती. वीरगळ जवळ जाऊन पाहा. खालच्या चौकटीत लढाई असते, बऱ्याचदा गाईगुरं सोडवताना पडलेला वीर. त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. रंगाचे दोन हात बसले की आधी चेहरे जातात, मग अक्षरं असतील तर तीही. सिमेंटच्या ओट्यात बसवलेला दगड पुन्हा वाचता येत नाही. शेतात नांगराला मूर्ती किंवा नाणी लागली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. कायद्याने ते बंधनकारक आहे.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला लावू. ग्रामपंचायतीने यासाठी एक कपाट द्यावं, शाळांनी नववीच्या मुलामुलींना गल्ल्या वाटून द्याव्यात. प्रत्येक फोटोमागे, प्रत्येक ध्वनिफितीसोबत तारीख, सांगणाऱ्याचं नाव, वय आणि गल्ली लिहा. नाव द्यायला नको असेल तर तसं लिहा, पण हकीकत घ्या. १७ सप्टेंबरच्या आत प्रत्येक घरातून एक तरी आठवण नोंदली जावी. ज्यांच्या घरी नव्वदीचं माणूस आहे त्यांनी तर आज संध्याकाळीच बसावं.