कोणाचं म्हणणं सिद्धांत, कोणाचं नुसतं गाऱ्हाणं?

सरकारी आरोग्य योजनेचं मूल्यमापन कसं होतं, हे आपल्यापैकी अनेकींनी पाहिलं आहे. संशोधक येतात, गटाची बैठक भरवतात, बायकांना बोलतं करतात, सगळं रेकॉर्ड करून निघून जातात. अहवालात अधिकाऱ्यांचं म्हणणं 'योजनेमागची भूमिका' या प्रकरणात येतं. बायकांचं म्हणणं येतं 'लाभार्थींचे अनुभव' म्हणून, चौकटीतल्या दोन-चार उद्गारांत. माझा आक्षेप या विभागणीला आहे.

आरोग्यसेवांच्या अभ्यासात 'वास्तववादी मूल्यमापन' ही पद्धत आता बरीच वापरली जाते. रे पॉसन आणि निक टिली या ब्रिटिश अभ्यासकांनी १९९७ साली तिची पुस्तकरूपाने मांडणी केली. योजना यशस्वी झाली का, एवढंच ही पद्धत विचारत नाही. कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत आणि कशामुळे, हे विचारते. प्रत्येक योजनेच्या पोटात एक सिद्धांत असतो: अमुक केलं तर तमुक होईल, कारण माणसं असा असा विचार करतील. तो बाहेर काढून तपासायचा. पद्धत चांगली आहे. पण सिद्धांत एकच नसतो, आणि खरी कसोटी तिथेच लागते.

जननी सुरक्षा योजना घ्या. ती एप्रिल २००५ मध्ये सुरू झाली. आखणाऱ्यांचा सिद्धांत असा: गरीब बाई पैशाअभावी घरी बाळंत होते, रोख मदत दिली तर ती दवाखान्यात येईल. आशाताईंना विचारा. त्या म्हणतील, पैशापेक्षा सोबत महत्त्वाची. रात्री कळा सुरू झाल्यावर ओळखीचं माणूस बरोबर असेल तर घरातले तयार होतात. बाळंतीण सांगते, पैसे नंतर मिळतात आणि गाडीभाडं आधी लागतं. शिवाय कळा देताना जिने शिव्या खाल्ल्या, ती पुढच्या खेपेला तिथे जायला धजत नाही. दवाखान्यातली नर्स चौथंच सांगते: बायका वाढल्या, खाटा आणि हात तेवढेच राहिले.

हे चार अनुभव नाहीत, चार सिद्धांत आहेत. प्रत्येकात 'कारण' आहे.

आकडे हा वाद मिटवत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात दवाखान्यातली बाळंतपणं २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के झाली. वाढ मोठी आहे, पण ती रोख रकमेमुळे की आशाताईंमुळे? मध्येच २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला, त्यात बाळंतपण, औषधं, वाहन मोफत झालं. नुसत्या टक्केवारीवर चारही जणी आपापला दावा सांगू शकतात.

मग करायचं काय? सगळ्यांचं थोडं थोडं घेऊन गुळगुळीत वाक्य तयार करणं, ही एक पळवाट. ज्याच्या खुर्चीला वजन त्याचं खरं धरणं, ही दुसरी. आणि बायका म्हणतात म्हणून खरंच असणार, ही तिसरी. ती आपल्याला जवळची वाटते, म्हणून तिच्यापासून जास्त सावध राहायला हवं.

माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे चारही सिद्धांत एकाच साच्यात, एकाच पानावर लिहावेत: अशा परिस्थितीत, असं केलं, तर असं होतं, कारण असं. मग ते एकमेकांपासून कुठे फुटतात ते शोधावं. पैशाचा सिद्धांत खरा असेल, तर पहिल्या खेपेला वाईट वागणूक मिळालेली बाईसुद्धा पैशासाठी परत यायला हवी. वागणुकीचा खरा असेल, तर पैसे मिळणार असूनही ती टाळेल. म्हणजे दुसऱ्या खेपेच्या बायकांकडे जायला हवं. तपासणी तिथे आहे, सरासरीत नाही.

कधी दोन्ही सिद्धांत खरे ठरतात, फक्त जागा वेगळी असते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी. सासरच्या आशाताईने नऊ महिने जोडलेला विश्वास माहेरच्या गावी बाईच्या कामी येत नाही. तिथली आशाताई कदाचित तिची लहानपणापासूनची ओळखीची असेल, कदाचित अनोळखी. 'सोबत' कुठे काम करते आणि कुठे नाही, हे अशा तपशिलातूनच कळतं, आणि हा तपशील मंत्रालयात बसून सुचत नाही.

जो सिद्धांत गाळला तो कोणाचा होता आणि कोणत्या पुराव्यावर गाळला, याची अहवालात नोंद हवी. वेळ नव्हता, निधी देणाऱ्यांना रस नव्हता, अशी कारणं असतील तर तीही लिहावीत. प्रसूतिगृहातल्या अपमानाबद्दल बायका वर्षानुवर्षं बोलत होत्या, ते गाऱ्हाणं म्हणून बाजूला पडत राहिलं. २०१७ साली केंद्र शासनाने 'लक्ष्य' कार्यक्रम आणला, त्यात बाईला सन्मानाने वागवणं हेही आलं. हेच म्हणणं आधीच सिद्धांत म्हणून तपासलं असतं तर?

मैत्रिणींनो, यापुढे कोणी संशोधक आपल्या गटाकडे आले तर मुलाखतीआधी दोन अटी घालू या. योजनेबद्दलचा तुमचा सिद्धांत आधी आमच्यासमोर ठेवा, आम्ही तो दुरुस्त करू. या पद्धतीतली मुलाखत अशीच व्हावी, असं पॉसन यांनीच सांगितलं आहे. आणि निष्कर्ष छापण्याआधी परत या. त्या बदल्यात आपणही एक कबूल करायला हवं: आपलं म्हणणं सिद्धांत म्हणून मांडायचं, तर ते चुकीचं ठरण्याची शक्यताही स्वीकारावी लागेल. गाऱ्हाण्याला कोणी खोटं ठरवत नाही, कारण त्याला कोणी तपासतच नाही.