पशुवैद्यकातील एमआरआय : यंत्रे आली, प्रशिक्षित हातांचे काय?

मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय जुलै २०२४ मध्ये सुरू झाले. सुमारे १६५ कोटी रुपये खर्चाच्या या रुग्णालयाच्या घोषित सुविधांमध्ये क्ष-किरण, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन यांच्या जोडीला एमआरआयचाही समावेश होता. ज्या शहरात पशुवैद्यक महाविद्यालयाची स्थापना १८८६ मध्ये झाली, त्या शहराच्या दृष्टीने हा एक महत्त्वाचा टप्पा आहे. मात्र यंत्र उपलब्ध होणे आणि त्याचा रुग्णाला उपयोग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे प्रत्यक्ष हाताळणीतून मिळणारे प्रशिक्षण. आपल्या देशात हाच दुवा अद्याप कच्चा आहे.

मेंदू आणि मेरुरज्जू हे हाडांच्या कवचात बंद असलेले अवयव आहेत. क्ष-किरणांत हाड दिसते, पण आतील मऊ ऊती जवळजवळ दिसत नाहीत. एमआरआयमध्ये शक्तिशाली चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील हायड्रोजनच्या अणूंकडून संकेत मिळवले जातात आणि त्यांतून ऊतींची प्रतिमा तयार होते. मेंदूतील गाठ, दाह किंवा मेरुरज्जूवर आलेला दाब त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच समजू शकतो. या शोधासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

पशुवैद्यकात या तपासणीची सुरुवात यंत्रापाशी नव्हे, तर तपासणीच्या टेबलापाशी होते. डॅशहंड जातीच्या कुत्र्याचे मागचे पाय अचानक लुळे पडतात, हे नेहमी आढळणारे उदाहरण आहे. पुढचे पाय व्यवस्थित असतील आणि मागच्या पायांच्या प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत असतील, तर दोष छाती आणि कंबर यांच्या दरम्यानच्या मेरुरज्जूत असावा, असा निष्कर्ष निघतो. स्कॅन कोणत्या भागाचा करायचा हे त्यावरून ठरते. हे न ठरवता संपूर्ण कण्याच्या प्रतिमा घेतल्या, तर भूल लांबते, खर्च वाढतो आणि गोंधळही वाढतो. वाढत्या वयात अनेक कुत्र्यांच्या मणक्यांमधील चकत्या झिजलेल्या किंवा फुगलेल्या दिसतात, पण त्यांतील प्रत्येक चकती आजाराचे कारण नसते.

याच तपासणीत पंजाच्या बोटांवर चिमट्याने दाब देऊन खोलवरची वेदना कळते का, हे पाहिले जाते. येथे एक चूक सहज होते. दाब दिल्यावर पाय मागे घेतला जाणे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असते. कुत्र्याने मान वळवली, तो विव्हळला किंवा चावायला धावला, तरच वेदना मेंदूपर्यंत पोहोचली असे म्हणता येते. चकती सरकलेल्या रुग्णात ही संवेदना शिल्लक असेल, तर शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य कुत्रे पुन्हा चालू लागतात. ती गेली असेल, तर ही शक्यता सुमारे निम्म्यावर येते. शस्त्रक्रिया करावी की प्राण्याला दयामरण द्यावे, हा मालकाचा निर्णय अनेकदा या एका निरीक्षणावर अवलंबून असतो. पुस्तक वाचून ते आत्मसात होत नाही.

दुसरा टप्पा भुलेचा. माणसाला स्थिर पडून राहण्यास सांगता येते, प्राण्याला नाही. त्यामुळे पशुवैद्यकातील मेंदूच्या एमआरआयसाठी साधारणपणे संपूर्ण भूल द्यावी लागते. मेंदूवरील दाब आधीच वाढलेल्या प्राण्यात श्वसन मंदावून रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला, तर तो दाब आणखी वाढतो. थंड कक्षात लहान प्राण्याचे तापमानही झपाट्याने उतरते. शिवाय यंत्रातील चुंबक सदैव कार्यरत असतो. २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात एमआरआय कक्षात नेलेल्या प्राणवायूच्या सिलिंडरसह एक तरुण यंत्राकडे खेचला जाऊन मृत्युमुखी पडला होता. कात्री, स्टेथोस्कोप, सिलिंडर यांपैकी काय आत नेता येते आणि काय नाही, याची शिस्त डॉक्टरांइतकीच मदतनिसांच्याही अंगवळणी पडावी लागते.

तिसरा टप्पा प्रतिमा वाचण्याचा. आकडी येऊन गेल्यानंतर मेंदूच्या काही भागांत तात्पुरते बदल दिसू शकतात. नवख्या नजरेला ते दाह किंवा गाठ वाटण्याची शक्यता असते. त्वचेखालील ओळखीची मायक्रोचिप आसपासच्या प्रतिमेत काळा डाग निर्माण करते. कोणत्या रुग्णाला स्कॅनची गरज आहे, हेही शिकावे लागते. आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय अपस्मार कृती गटाने २०१५ मध्ये याबाबत शिफारसी प्रसिद्ध केल्या. पहिली आकडी सहा महिन्यांच्या आत किंवा सहा वर्षांनंतर आलेली असणे, दोन आकड्यांच्या दरम्यानही मज्जासंस्थेचे दोष आढळणे, आकड्यांची मालिका लागणे किंवा औषधांना दाद न मिळणे, ही त्यांतील प्रमुख कारणे आहेत.

भारतात या सर्वांच्या आधी एक प्रश्न उभा राहतो, तो रेबीजचा. चाल बिघडलेला, लाळ गाळणारा किंवा वागणे बदललेला कुत्रा समोर आला की लसीकरण आणि चाव्याची माहिती प्रथम घ्यावी लागते. जिवंत प्राण्यात एमआरआयवरून रेबीजचे खात्रीशीर निदान होत नाही. ते मृत्यूनंतर मेंदूच्या ऊतीच्या तपासणीतून होते. अशा प्राण्याला भूल देणाऱ्या आणि उचलणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाला धोका असतो. परदेशी अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलून येथे चालणार नाही, तो यासाठी.

युरोप आणि अमेरिकेत पशुमज्जाविकार ही स्वतंत्र विशेषज्ञता आहे. त्यासाठी पदवीनंतर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली किमान तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक असते. भारतात २०१६ च्या नियमांनुसार पशुवैद्यक पदवीचा अभ्यासक्रम एक वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा आहे. गाई-म्हशींपासून कोंबड्यांपर्यंत सर्व काही त्यात शिकवावे लागते. मज्जाविकारांच्या वाट्याला त्यातील थोडाच वेळ येतो. दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा ही उणीव अंशतः भरून काढू शकतात. मात्र त्यांत व्याख्यानांपेक्षा प्राण्याची तपासणी, टेबलावरील मांडणी आणि जुन्या प्रतिमांचे वाचन यांना अधिक वेळ मिळाला पाहिजे.

२०१९ च्या पशुगणनेनुसार ५३ कोटींहून अधिक पशुधन असलेल्या देशात पाळीव कुत्र्यांचा एमआरआय ही चैन नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच गैरलागू नाही. ही तपासणी महाग आहे आणि दीर्घकाळ ती मोठ्या शहरांपुरतीच राहील. परंतु या प्रशिक्षणाचा निम्मा भाग यंत्राविना उपयोगी पडणारा आहे. हातोडी, विजेरी आणि निरीक्षण यांच्या आधारे दोष मेंदूत आहे, मेरुरज्जूत आहे की पायाच्या नसेत, हे ओळखणारा डॉक्टर तालुक्याच्या दवाखान्यातील लंगडणाऱ्या बैलालाही उपयोगी पडतो. रुग्ण पुढे पाठवावा की नाही, हेही तोच सांगू शकतो.

त्यामुळे यंत्रखरेदीच्या प्रत्येक निर्णयासोबत ते कोण चालवणार, भूल कोण देणार आणि प्रतिमा कोण वाचणार, या तीन प्रश्नांची उत्तरे विद्यापीठांनी आणि रुग्णालयांनी तयार ठेवणे इष्ट ठरेल. अन्यथा मालकाला महागडी प्रतिमा मिळेल, निदान मात्र मिळणार नाही.