आधी पाणी दाखवा, मग परसबाग सांगा



उन्हाळा तोंडावर आला की जिरायती गावांत उपदेशकांची वर्दळ सुरू होते. कोणी अभियानाचा, कोणी योजनेचा, कोणी संस्थेचा. सांगणे मात्र सगळ्यांचे एकच. घरामागे परसबाग लावा, घरचा कांदा खा, घरचे टोमॅटो खा, बाजाराचा पैसा वाचवा, बायापोरांच्या अंगात रक्त वाढवा. २०२० साली 'उमेद' अभियानाने राज्यभर 'माझी पोषण परसबाग' ही मोहीमच काढली. शाळांच्या आवारातही परसबागा आल्या. चार फोटो निघाले, अहवाल वर गेले.

आमचा परसबागेला विरोध नाही. विरोध कसा असेल? १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला, तेव्हा पहिला मान सीताशेतीला दिला. बाईच्या नावाच्या तुकड्यावर, बाजारातून खत-औषध न आणता, घराच्या पोटापुरते पिकवायचे ही कल्पना चळवळीला नवी नाही. कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या घराला भाजीसाठी बाजारात रोख पैसा मोजावा लागतो आणि उन्हाळ्यात हा पैसा घरात नसतो, हेही आम्ही जाणतो. म्हणूनच आमचा प्रश्न साधा आहे. परसबाग लावायची, पण पाणी कुठले?

हंड्यांचा हिशेब

उपदेश करणारे हा हिशेब मांडत नाहीत, म्हणून आपण मांडू. एप्रिल-मेच्या उन्हात भाजीचे पीक रोज साधारण सहा मिलिमीटर पाणी मागते. म्हणजे एका चौरस मीटरला सहा लिटर. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. त्याला रोज सहाशे लिटर पाणी लागले. पंधरा लिटरचा हंडा धरला तर चाळीस हंडे. एक डोक्यावर आणि एक कमरेवर धरून बाईने वीस खेपा करायच्या, तेव्हा गुंठाभर परसबाग जगेल. आणि हे सुपे, मोरगाव, उंडवडी, लोणी भापकर या भागातल्या बाईला सांगायचे, जिचा उन्हाळा टँकरची वाट बघण्यात जातो!

आता दुसरा हिशेब. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर झाले. हे पाणी खरोखर नळाला आले, तर आंघोळ, भांडी, धुणे यांचे मिळून दीडशे लिटर सांडपाणी निघेल. त्यावर पंचवीस चौरस मीटर, म्हणजे पाव गुंठा जागा उन्हाळाभर जगू शकते. तेव्हा जो कोणी जिरायती गावात येऊन गुंठाभर परसबाग सांगेल, त्याला उरलेल्या तीस हंड्यांचा ठावठिकाणा विचारा. आणि ज्या घरी नळ कोरडा आहे, तिथे पाव गुंठ्याचीही गोष्ट काढायला त्याला तोंड नाही.

पाव गुंठ्यात काय होते?

होण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते वेळेवर केले तर. एप्रिलमध्ये बियाण्याची पाकिटे वाटणे म्हणजे बी वाया घालवणे. गड्डा धरणारा कांदा हवा असेल तर रोप डिसेंबर-जानेवारीत लावले पाहिजे. एन-२-४-१ सारखी रब्बीची जात त्या वेळी लावली की एप्रिलमध्ये काढणीला येते. दहा चौरस मीटरच्या वाफ्यातून, पाणी नीट मिळाले तर, वीस-पंचवीस किलो कांदा निघतो. पात वाळू देऊन, सावलीत सुकवून, हवेशीर जागी ठेवला तर पावसाळाभर पुरवून खाता येतो. मार्चनंतर रोप लावून गड्ड्याची आशा धरू नये. त्या दिवसांत घरातले मोड आलेले चिंगळी कांदे मातीत टोचावेत. दीड महिन्यात पात मिळते आणि भाकरीबरोबर तोंडी लावायला ती पुरे.

तामिळनाडूत सांबारात घालतात तो लहान कांदाही या कामाचा आहे. एक कांदा पुरला की त्याच्या बुडाशी पाच-सहा कांदे फुटतात. रोप करायला नको, बी विकत घ्यायला नको, दोन-सव्वादोन महिन्यांत पीक हाती येते आणि पुढच्या लागणीचे बेणे घरातच राहते. आपल्या जिल्ह्यात राजगुरुनगरला कांदा-लसणाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. बारामतीला कृषी विज्ञान केंद्र आहे. हा कांदा जिरायती घराच्या परसात कोणत्या महिन्यात लावावा, हे त्यांनी सुप्याच्या आणि निमगाव केतकीच्या मातीत लावून दाखवावे. छापील घडीपत्रिका आम्हाला पुष्कळ मिळाल्या आहेत.

टोमॅटोचे गणित उन्हाशी आहे. दिवसाचे ऊन पस्तीस-अडतीस अंशांच्या वर गेले आणि रात्रही तापू लागली की फूल गळते, फळ धरत नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून रोप जानेवारीच्या अखेरीस लागले पाहिजे, म्हणजे मार्चमध्येच फळे धरतात. राहुरी विद्यापीठाच्या धनश्री, भाग्यश्री या जाती आहेत. गावठी आंबट टोमॅटोही चालतो. शेवग्याच्या विरळ सावलीत आठ-दहा झाडे जगली तरी घराचे कालवण निघते. पाणी एक दिवस भरपूर आणि चार दिवस नाही असे झाले की फळाचे बूड काळे पडते. ते औषधाने बरे होत नाही. रोज थोडे पाणी हाच उपाय. त्यासाठी दोन झाडांमध्ये बिनरंगाचे जुने मडके गळ्यापर्यंत पुरावे आणि भरून झाकावे, पाणी मुळाशी झिरपत राहते.

कापूसवाल्यांनी एक ध्यानात ठेवावे. फरदडीच्या आशेने कपाशी उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवली तर पांढरी माशी तिथे पोसते आणि परसातल्या टोमॅटोवर येऊन पानांचा चुरडामुरडा करते. कपाशी वेळेवर उपटा. तिच्याच पऱ्हाट्या टोमॅटोला आधाराला लावा. बुडाशी पाचटाचे आच्छादन घाला. कडबा जनावरांसाठी ठेवा. सांडपाणी झाडाच्या बुडाशी सोडा, पानांवर नको. कच्च्या खायच्या पातीला ते देऊ नका, तिला हंड्यातले चांगले पाणी घाला.

पाणी नाही की द्यायचे नाही?

आम्हाला सांगतात, पाणीच नाही तर देणार कुठून? बारामती आणि इंदापुरात उभे राहून असे बोलायला मोठे धाडस लागते. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरा डावा कालवा काढला, तो याच दोन तालुक्यांतून जातो. १९८० साली उजनी धरण पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली इंदापूरच्या गावांच्या जमिनी गेल्या आणि त्याच तालुक्यातली बावीस गावे आजही पाण्यासाठी आंदोलने करतात. जनाई-शिरसाई, लाकडी-निंबोडी ही उपसा योजनांची नावे आमच्या पोरांना पाढ्यांसारखी पाठ आहेत. दर निवडणुकीत ती ऐकू येतात.

आम्ही मागतो ते किती? मार्च ते जून, शंभर दिवस, दर घरामागे रोज शंभर लिटर. एका घराचे दहा हजार लिटर. पाचशे उंबऱ्यांच्या गावाचे पन्नास लाख लिटर. मोकळ्या पाण्यावरचा एक एकर ऊस वर्षाला ऐंशी लाख लिटरच्या पुढे पाणी घेतो. म्हणजे एक एकर उसापेक्षा कमी पाण्यात अख्ख्या गावाची परसबाग उभी राहते.

इथे कोणी आमच्यात आणि ऊसवाल्यात भांडण लावायला येऊ नये. ऊसवाला आमचा वैरी नाही. तोही एफआरपीसाठी रस्त्यावर उतरतो, तोही भावाने नागवला जातो. आमचे भांडण आवर्तनाचे वेळापत्रक करणाऱ्यांशी आहे. त्यांच्या कागदावर कारखान्याला पाणी आहे, औद्योगिक वसाहतीला पाणी आहे, शहराला आहे. टेलच्या गावातल्या बाईच्या चार वाफ्यांचा रकानाच नाही.

परसबाग भावाच्या जागी चालणार नाही

सगळ्यात मोठी लबाडी पुढे आहे. परसबाग सांगता सांगता हे लोक आम्हाला सुचवतात की घरचे खाल्ले की भाव नसला तरी भागेल. २०२३ सालचेच बघा. फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला, हाती आला दोन रुपयांचा चेक. तेव्हा कोणी शहरातून धावून आले नाही. जुलैत टोमॅटो महागला. उत्तर प्रदेशच्या मंत्री प्रतिभा शुक्ला यांनी लोकांना टोमॅटो खाऊ नका किंवा घरी लावा असा सल्ला दिला. पण शहरवाल्यांना सल्ल्यावर ठेवले नाही. सरकारी संस्थांनी ९० रुपयांपासून उतरत ४० रुपये किलोपर्यंत टोमॅटो विकला, नेपाळहूनही मागवला. ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क बसले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली आणि ती २०२४ च्या मेपर्यंत चालली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पाळी कापसाची. ११ टक्के आयात शुल्क उठवले, आणि तेही नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर.

शहरात भाव चढला की सरकार भाव पाडते. खेड्यात भाव पडला की सरकार परसबाग सांगते. याच जिल्ह्यात १९८० साली चाकणला कांदा उत्पादकांनी रस्ता अडवला, तो घामाच्या दामासाठी. पंचवीस किलो घरच्या कांद्याने त्या मागणीची फेड होत नाही. परसातल्या टोमॅटोने पोरीची फी भरली जात नाही, सोसायटीचे कर्ज फिटत नाही.

आणि ही बाग करणार कोण? शेतातली खुरपणी, वेचणी, घरचा स्वयंपाक, जनावरे, त्यावर आणखी वीस खेपा. पुरुष पारावर बसून परसबागेचे कौतुक करणार असेल तर ती बाग नको. ज्या बाईने वाफा राखायचा, त्या तुकड्याचा सातबारा तिच्या नावे करा. लक्ष्मीमुक्तीने हेच सांगितले होते.

जिल्हा बैठकीपुढचे ठराव

१. मार्च ते जून दर घरामागे रोज शंभर लिटर पाणी परसबागेसाठी मोजून द्यावे. आवर्तनात आणि उपसा योजनांत गावतळी भरताना त्याचा वेगळा रकाना असावा.

२. बी, रोप आणि बेणे नोव्हेंबरात गावात पोचले पाहिजे. एप्रिलमध्ये बी वाटणाऱ्यांना गावाने परत पाठवावे.

३. कांद्यावर, कापसावर, कोणत्याही शेतीमालावर भाव पाडण्यासाठी निर्यातबंदी, साठामर्यादा, स्वस्त आयात चालणार नाही.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे लिहून आणावेत. गावात उंबरे किती, उन्हाळ्यात नळाला पाणी आले ते दिवस किती, आणि एका बाईला रोज किती खेपा कराव्या लागतात. हे आकडे घरातल्या बाईला विचारून लिहावेत. शक्यतो तिलाच बैठकीला आणावे. पाटबंधारे खात्याच्या कचेरीत जायचे आहे, तेव्हा हिशेब आपल्या हातात असला पाहिजे.