चंद्रकळेची अट
रथसप्तमी जवळ आली की पुण्याहून मंचर-नारायणगावला निघालेल्या एस्टीत जीन्समधल्या लेकी दिसतात. पिशवीत मात्र इस्त्रीची चंद्रकळा. आईचं हळदीकुंकू! नोकरदार पोरींना तिथं उखाणा सुटत नाही, आणि वाणात झाकण न बसणारा प्लास्टिकचा डबा ठरलेला. तरी आईसाठी जावं, चांगलं नटूनथटून जावं. पण शेजारच्या विधवा काकूंना आमंत्रण नाही, हे मला बिलकूल पटत नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या जुन्नर-आंबेगावात ठरावाची वाट कशाला बघायची? लेकींनी सरळ सांगावं, "आई, काकूंना बोलावलंस तरच चंद्रकळा नेसू." आई डोळे वटारेल. वटारू दे.