तीन दाबा, शिल्लक समजेल



कळवणला आमच्या शेजारच्या आजींकडे बटणांचा साधा मोबाईल आहे. पेन्शन जमा झाली का, हे पाहण्यासाठी त्या कुणाचीतरी मनधरणी करीत आणि गुप्त पिनही सांगून बसत. कॉलेजात संगणक शिकणाऱ्या नातीने त्यांना *99# ही सेवा शिकवली. 28 ऑगस्ट 2014 रोजी देशभर सुरू झालेल्या या सेवेला इंटरनेट लागत नाही. पडद्यावर कामांची यादी येते. पैसे पाठवायला 1, शिल्लक पाहायला 3. आजी आता 3 दाबतात आणि पिन स्वतःच घालतात.

नात आम्हाला म्हणाली, "मावशी, वर्गात आम्ही असाच तक्ता करायला शिकलो." तिने समजावले ते आमच्या मुलामुलींसाठी येथे देत आहोत.

ठरावीक काम करणाऱ्या सूचनांच्या गठ्ठ्याला 'फंक्शन' म्हणतात. नवशिका लिहितो : 1 असेल तर हे कर, नाहीतर 2 असेल तर ते कर. काम वाढले की ही साखळी लांबते, चुका दडून राहतात. त्याऐवजी तक्ता करावा. डावीकडे आकडा, उजवीकडे फंक्शनचे नाव. पायथन भाषेत अशा तक्त्याला 'डिक्शनरी' म्हणतात. आकडा आला की त्याच्यासमोरचे फंक्शन काढायचे आणि चालवायचे. नवे काम आले तर एक ओळ वाढवायची, बाकीच्याला हात लावायचा नाही.

एक खबरदारी घ्यावी. तक्त्यात फंक्शनचे नुसते नाव लिहावे, पुढे कंस देऊ नये. वहीत फोन नंबर लिहिणे वेगळे, फोन लावणे वेगळे. कंस दिला की तक्ता भरतानाच काम उरकते आणि तक्त्यात उरते फक्त त्याचे फळ. दुसरे असे की, तक्त्यात नसलेला आकडा कुणी दाबला तर काय सांगायचे, हेही आधीच ठरवून ठेवावे.

असा तक्ता आडनाव पाहत नाही, आकडा पाहतो. पण जे काम त्यात मांडलेलेच नाही, ते कितीही बटणे दाबली तरी होत नाही. म्हणून मांडणारा कोण, हे महत्त्वाचे. 29 ऑगस्ट 1947 रोजी स्थापन झालेल्या मसुदा समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी सांभाळले. नियम लिहिण्याच्या जागी आपला माणूस बसला की काय घडते, हे आपण जाणतो.

आजींनी बटण दाबायला शिकले. नातीने तक्ता मांडायला शिकले. आपल्या घरात दोन्ही हवे. आणि पिन मात्र कुणालाही सांगू नये, नातीलासुद्धा!