औषध कमी झाले, की केवळ नोंद बदलली?

स्मृतिभ्रंश झालेली वृद्ध व्यक्ती तिसऱ्या प्रहरी ओरडू लागते, अंघोळीला नकार देते, क्वचित सेविकेवर हात उगारते. सेविका मोजक्या आणि अंथरुणे पुष्कळ असली, की मनोविकारावरची एखादी गोळी देऊन तिला शांत करणे हाच मार्ग सर्वांना सोयीचा वाटतो. अमेरिकेतील शुश्रूषागृहांत दीर्घकाळ राहणाऱ्या सुमारे २४ टक्के वृद्धांना २०११ च्या अखेरीस अशी औषधे चालू होती. वस्तुतः स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा कडक इशारा तेथील अन्न व औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला होता.

२०१२ मध्ये तेथील केंद्र सरकारने हे प्रमाण खाली आणण्याची देशव्यापी मोहीम हाती घेतली. पुढे २०१६ च्या नियमांनी प्रत्येक शुश्रूषागृहाला गुणवत्ता-सुधारणेचा स्वतःचा कार्यक्रम बंधनकारक केला. जेथे धोका अधिक किंवा तक्रार वारंवार, अशा विषयावर वर्षातून निदान एक प्रकल्प राबवावा, अशी त्यात अट आहे. २०१७ च्या अखेरीस औषधांचे प्रमाण साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास आले. यश डोळ्यांत भरण्याजोगे होते.

असा प्रकल्प प्रामाणिकपणे राबवला, तर त्याचे काम अगदी साधे असते. डॉक्टर, औषधतज्ज्ञ, परिचारिका आणि अंघोळ घालणारी सेविका एकत्र बसतात. (या बैठकीत सर्वाधिक माहिती बहुधा सेविकेलाच असते आणि सर्वांत कमी बोलणारीही तीच असते.) आजीबाई नेमक्या केव्हा ओरडतात? त्याआधी काय घडलेले असते? बद्धकोष्ठ आहे का, गुडघा दुखतो का, तहान लागली आहे का, अनोळखी हात अंगाला लागल्याने त्या घाबरतात का? अंघोळीची वेळ बदलून पाहायची, रोज तीच सेविका नेमायची, औषधाची मात्रा हळूहळू उतरवायची आणि काय घडते ते दररोज टिपून ठेवायचे. एका रुग्णावर, मग एका दालनात, आणि गुण आला तरच सर्वत्र. याला वेळ लागतो, माणसे लागतात.

परंतु मोजणीत एक पळवाट होती. स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांना या औषधांची खरी गरज असते, म्हणून त्यांना हिशेबातून वगळण्यात आले होते. २०१५ पासून औषधांचा हा आकडा शुश्रूषागृहांच्या जाहीर तारांकनात धरला जाऊ लागला आणि कागदोपत्री स्किझोफ्रेनिया वाढू लागला. हा विकार सामान्यतः तारुण्यात प्रकट होतो. ऐंशीव्या वर्षी शुश्रूषागृहात दाखल झाल्यावर तो अकस्मात उद्भवावा, हे वैद्यकशास्त्राला धरून नाही. २०२१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे प्रकरण उजेडात आणले. दर नऊ रहिवाशांपैकी एकाच्या नावापुढे हे निदान लिहिलेले आढळले. एकूण लोकसंख्येत ते सुमारे दीडशे माणसांत एकाला असते. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांचा २०२२ चा अहवाल याहून बोलका आहे. मनोविकारविरोधी औषधे कमी झाली खरी, पण त्याच काळात फेफऱ्यावरील औषधांचा वापर वाढला. मनावर परिणाम करणारे कोणते ना कोणते औषध घेणाऱ्यांचे प्रमाण २०११ ते २०१९ या काळात ८० टक्क्यांच्या आसपासच राहिले. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने अशा निदानांची तपासणी आणि दोषींचे तारे कमी करण्याची कारवाई जाहीर केली.

म्हणून मोजमापच सोडून द्यावे, असा निष्कर्ष कोणी काढील. तो आम्हांस मान्य नाही. आकडा नव्हता तेव्हाही गोळ्या दिल्या जातच होत्या, फक्त कोणी विचारीत नव्हते. दोष एकच आकडा धरून बसण्यात होता. एक औषध घटले, तर दुसरे वाढले का, पडण्याचे प्रकार, रडणे, बांधून ठेवणे वाढले का, हेही त्याच तक्त्यात हवे होते. दुसरी उणीव मनुष्यबळाची. प्रत्येक रहिवाशामागे दररोज किमान ३.४८ तासांची शुश्रूषा असावी, असा नियम २०२४ मध्ये करण्यात आला. शुश्रूषागृहांच्या संघटनांनी त्यास विरोध केला आणि एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो रद्द ठरवला. गोळी काढून घ्यायची, पण तिच्या जागी बसणारा माणूस द्यायचा नाही, असा हा व्यवहार झाला.

आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रमाची कल्पना मांडली. तेथे कोणाला कोणती गोळी कशासाठी दिली जाते, याची अमेरिकेसारखी देशव्यापी जाहीर मोजदाद मात्र होत नाही. त्यासाठी सरकारी हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. कोणत्याही आश्रमाच्या विश्वस्तांना येत्या महिन्यात एक साधी वही घालता येईल: रुग्णाचे नाव, औषध, ते कोणी व का सुरू केले, आणि ते कमी करण्याचा प्रयत्न शेवटी केव्हा झाला. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा राहील, असा आमचा अंदाज आहे.